आधी रोलर, मग खेळ

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. लोखंडी, हाताने ओढायचा, मैदान सपाट करणारा. सार्वजनिक बागेच्या मागे जे मोकळे मैदान आहे, तिथला. येता-जाता तुम्ही माझ्यावर बसला असाल, बुटाची नाडी बांधायला माझ्यावर पायही ठेवला असेल. त्याचा मला कधी राग आला नाही. पण आज मी रागावलेलो आहे, आणि हे सगळे मी रागातच सांगणार आहे.

माझा जन्म एका भट्टीत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतणारा ओतारी घामाने निथळत होता. मी गार झाल्यावर त्याने माझ्या पोटात वाळू आणि सिमेंट भरले, कण्याला दांडा जोडला आणि मला एक धक्का दिला. मी गडगडत कारखान्याच्या भिंतीपर्यंत गेलो. ओतारी हसला आणि म्हणाला, "याला एवढंच जमलं की झालं. गोल फिरायचं. बाकीचं शहाणपण माणसांनी करावं." माणसांवर त्याचा फार विश्वास होता.

मैदानावर आलो तेव्हा ते मैदान कसले, ढेकळांचा बाजार होता. तिथल्या राखणदाराच्या हाती मला दिले. पुढे त्याचा मुलगाही त्याच कामावर लागला. हा मुलगा म्हणजे आमचे अंगठेदादा. हे नाव मुलांनी ठेवले होते. दुपारी ते मैदानावर पाणी मारत, आणि उन्हे कलली की वाकून जमिनीत अंगठा दाबत. अंगठ्याला चिखल लागला तर थांबायचे. ठसा उमटलाच नाही तर आणखी पाणी. ठसा उमटला आणि अंगठा कोरडा निघाला, की मग फाटकाशी ताटकळणाऱ्या मुलांना हाक मारायची, "या रे पोरांनो."

मैदानाचा एकच कायदा होता, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. आधी रोलर, मग खेळ. प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने एक फेरी मला ओढायची, मग चेंडूला हात लावायचा. श्रीमंताच्या मुलाला सूट नव्हती आणि लहानग्यांनाही नव्हती. लहानगी नुसता दांड्याला हात लावून चालत आणि सगळ्यांत मोठ्याने गात. ते गाणेही वडिलांच्या वेळचेच.

डुल रे डुल, लोखंडी मामा,
मागे सर, मग लाग कामा.
ढेकूळ फोड नि खळगा भर,
आमच्या पायांना जागा कर.

गाणे साधे होते, पण त्यात माझे गुपित होते. मी उभा राहतो तिथे माझ्याच वजनाने जमीन थोडी दबते. थेट पुढे ओढाल तर त्या खळग्याचा काठ आडवा येतो आणि मी जागचा हलत नाही. आधी थोडे मागे न्यायचे, आणि त्याच झोक्यात पुढे. मग मी कुणाचेही ऐकतो.

अशी कितीतरी वर्षे गेली. मैदान तळहातासारखे सपाट झाले. सकाळी तिथे म्हातारी माणसे हातपाय हलवत, दुपारी आया लेकरांना पहिली पावले टाकायला आणत, संध्याकाळी मुले धावत. पडले तर गुडघा खरचटे, फुटत नसे. लोक म्हणत, "मैदान छान आहे हो." माझे नाव कुणी घेत नसे, आणि मला त्याची हौसही नव्हती. पायाखालच्या वस्तूने नावासाठी झुरू नये.

याच मैदानावर एक मुलगा मला ओढून मोठा झाला. पुढे तो शिंपी झाला, मग म्हातारा झाला, आणि एक दिवस त्याचे उजवे अंग लुळे पडले. डॉक्टरांनी बजावले, "रोज सपाट जमिनीवर चाला. सहा महिने चाललात तर पाय परत येईल. घरात बसलात तर तो गेलाच समजा." आता गावात सपाट जमीन कुठे होती? रस्ते नळासाठी खणलेले, पदपथाच्या फरशा दात पडल्यासारख्या, बागेत पायऱ्याच पायऱ्या. म्हणून शिंपीआजोबा रोज काठी टेकत मैदानावर येत, आणि आजी त्यांच्या मागे पावले मोजत.

"अहो, पाय उचला. फरफटवू नका, नव्या चपला आहेत."

"तुला चपलांची काळजी." त्यांचे अर्धेच तोंड बोले, त्यामुळे शब्द जरा तिरके बाहेर येत.

"मग? तुम्ही काय, फुकट मिळालात. चपला विकत आणल्यात."

आजोबा हसत आणि हसता हसता आणखी चार पावले टाकत. आजीला नेमके तेच हवे असे. दोन महिन्यांत ते निम्मे मैदान चालू लागले.

आणि मग उद्यान विभागात नवे साहेब आले.

साहेब मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना मान फिरवली. "इथे काय आहे?"

"मैदान आहे, साहेब," अंगठेदादा म्हणाले.

"ते दिसतंय. पण मैदानात काय आहे?"

"काही नाही, साहेब. म्हणून तर पोरं खेळतात."

साहेबांना ते पटले नाही. मोकळी जागा म्हणजे त्यांना वाया गेलेली जागा वाटे. तिथे शोभेची हिरवळ करायची, मध्ये कारंजे बसवायचे आणि भोवती पाट्या लावायच्या, 'गवतावर पाय ठेवू नये', असे ठरले. फोटोत सपाट माती चांगली दिसत नाही म्हणे. अंगठेदादांना कचेरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला नेले. ज्याच्या अंगठ्याला अख्ख्या मैदानाची नाडी कळत होती, त्याच्या हातात झारी दिली.

हिरवळीचे काम सुरू होईपर्यंत मैदान बंद ठेवायचे होते. पण फाटकाला दारच नव्हते. ते केव्हाच गंजून पडले होते आणि नव्या दाराचा कागद कुठल्याशा टेबलावर झोपला होता. साहेबांची नजर माझ्यावर पडली. "हा दगड लावा आडवा."

दगड. मित्रांनो, शिव्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, मुले दमली की मला देतच. पण त्या ओढणाऱ्याच्या शिव्या होत्या, त्यांत नाते होते. हा माणूस माझ्या दांड्याकडे बघत होता आणि मला दगड म्हणत होता.

त्यांनी मला फाटकाच्या दोन खांबांमध्ये आडवे लावले, खाली धोंडे घातले, अंगाला पिवळा रंग फासला आणि दांड्याला पाटी टांगली, 'प्रवेश बंद'. ज्या पायांसाठी मी आयुष्यभर जमीन केली, त्याच पायांसमोर मला उभे केले. चोराला राखण दिली तर चोराला काय वाटेल ते मला माहीत नाही. पण राखणदाराला चोर केले की काय वाटते, ते मला विचारा.

आता यातला शहाणपणा ऐका. मी मुलांच्या कमरेइतका उंच. पहिल्याच संध्याकाळी मुले माझ्यावरून उड्या मारून आत गेली. त्यांना तर तो नवा खेळच झाला. आया लेकरांना उचलून आत गेल्या, सकाळची म्हातारी माणसे बागेतल्या बाकांवर बसून हातपाय हलवू लागली, कुत्रीही कडेच्या फटीतून गेली. सगळ्या गावात माझ्यामुळे अडले ते एकच माणूस.

शिंपीआजोबा फाटकाशी आले आणि थांबले. त्यांनी काठी टेकली, डावा हात माझ्यावर ठेवला. रंग ओला होता, हात पिवळा झाला. आजीने वाकून त्यांचा लुळा पाय उचलून पाहिला. नाही जमले.

"चला," आजी म्हणाली. "उद्या काढतील."

दुसऱ्या दिवशी कुणी काढले नाही. आजी कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "अहो, एक दगड तर आहे. वळसा घालून जा." चारी बाजूंना कुंपण असलेल्या मैदानाला वळसा घालून माणूस कुठे पोचतो, हे त्यांनी सांगितले नाही. आजोबा रस्त्यावर चालायला लागले, तर तिसऱ्या दिवशी खणलेल्या मातीच्या ढिगावर पडले. कोपर सोलले. त्यानंतर ते घराबाहेर येईनात. असा दीड महिना गेला. सहा महिन्यांतला दीड महिना. मी फाटकात बसून होतो आणि एका माणसाचा पाय घरात बसून मरत होता.

मग एका संध्याकाळी आजीने स्टूल आणले, फाटकाबाहेर ठेवले आणि आजोबांना धरून आणून त्यावर बसवले. "चालू नका. पण बघा तरी." मैदानावरची एक मुलगी, जिला सगळे कप्तान म्हणत, चेंडू काखेत घेऊन आली.

"आजोबा, आत का येत नाही तुम्ही?"

"उडी येत नाही, गं."

कप्तानने माझ्याकडे पाहिले. इतके दिवस माझ्यावरून उडी मारत होती, पण मला पाहिले त्या क्षणी. तिने सगळ्यांना हाक मारली. अकरा मुले आली. धोंडे काढले, दांडा धरला आणि ओढला. मी हललो नाही. मला किती हलायचे होते, ते कसे सांगू? पण हल्ली मागे सारायचा पहिला झोका अंगठेदादाच देत, आणि गाणे तर केव्हाच बंद पडले होते, या मुलांनी ते ऐकलेही नव्हते. ती थेट पुढेच ओढत होती.

"मा... मागे," आजोबा म्हणाले.

"मागे काय? पाणी हवंय का?" आजीने विचारले.

त्यांनी मान हलवली. मग त्या अर्ध्या तोंडाने, तिरक्या शब्दांनी ते गायला लागले. डुल रे डुल, लोखंडी मामा. मागे सर, मग लाग कामा. आजी बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण या माणसाला गाताना तिने ऐकले नव्हते.

कप्तानला समजले. "ए, आधी मागे ढकला."

मी मागे गेलो, आणि त्याच झोक्यात पुढे. कण्यातला गंज किंचाळला. मुलांनी मला थेट मैदानाच्या मध्यावर नेले. फाटक मोकळे झाले. आजोबा उठले, काठी टेकत आत आले. आजी मागून म्हणाली, "पाय उचला. फरफटवू नका." तिचे मोजणे चुकले नाही. एकवीस पावले झाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तीन मजूर आणले आणि माहितगार म्हणून अंगठेदादांनाही आणले.

"हा कोणी हलवला?"

आजी म्हणाली, "दगड आहे ना हो तो? दगड कसा हलेल?"

साहेबांनी अंगठेदादांना खूण केली. दादा पुढे झाले. त्यांनी दांडा धरला, तेच हात, तीच पकड. त्यांच्यापुढे माझे काही चालत नाही, आणि साहेबांपुढे त्यांचे. घरी चार तोंडे खाणारी होती त्यांना. त्यांनी मजुरांना उभे केले आणि जोर लावला. कपाळावरच्या शिरा फुगल्या, पाय मातीत रुतले. पण मित्रांनो, त्यांनी मला पुढे ओढले. फक्त पुढे.

"हलत नाही, साहेब," ते धापा टाकत म्हणाले. "फार जड झालाय."

"काल पोरांनी हलवला."

"पोरांचं काय सांगावं, साहेब."

साहेब पाय आपटत निघून गेले. जाताना म्हणाले की यंत्र आणतो. आणतीलही. यंत्राला मागेपुढे कळत नाही, ते उचलून नेते. म्हणून माझा राग अजून निवलेला नाही, आणि तो निवावा असे मला वाटतही नाही.

निघताना अंगठेदादा वाकले. त्यांनी जमिनीत अंगठा दाबला, उलटा करून पाहिला आणि कप्तानला हळूच म्हणाले, "फार सुकलीय. आज पाणी मार."

मित्रांनो, मला रंग देऊ नका. मला चौथऱ्यावर ठेवून माझ्याखाली माहितीची पाटीही लावू नका. वस्तूची काळजी घ्यायची म्हणजे तिच्याकडून तिचे काम करून घ्यायचे. आणि कुठलेही फाटक बंद दिसले, आणि तुम्हाला त्यावरून उडी मारता आली, तर उडी मारून पुढे पळू नका. मागे वळून बघा, कोण उरले आहे ते.

शिंपीआजोबांचे साडेतीन महिने संपले, अडीच उरले आहेत. मैदानावर पाणी मारले आहे. उद्या उन्हे कलली की या. आधी रोलर, मग खेळ.