कोळशाचे चोवीस स्वच्छ डबे

भांडी निथळायच्या जाळीत चोवीस मालडबे चाकं वर करून वाळत होते.

“आधी पाय पूस, बाळ,” मिस विनी ओल्ड्रॉइड मला म्हणाल्या. मी पुसले. मग पुन्हा पुसले. त्या क्षणी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

“बघ कसे निघालेत,” त्या म्हणाल्या. “कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. तीनदा पाणी बदललं. तिसऱ्यांदाही काळंच. आणि हे तुमच्या क्लबात ठेवलेले असतात म्हणे. तिथे कधी झाडता तरी का रे?”

“गुरुवारी,” मी म्हणालो.

“कुठल्या गुरुवारी?”

मी तिसऱ्यांदा पाय पुसले.

मी ऑल्डरक्लफ मॉडेल रेल्वे क्लबचा सचिव. वय एकोणतीस. ज्या सभेत सचिव निवडला, त्या सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, एवढीच माझी पात्रता. क्लबात सात माणसं आहेत, आणि मेथडिस्ट चॅपलच्या माळ्यावर आमची बारा फूट लांबीची एक रेल्वे आहे. तिचं नाव हार्थवेट साइडिंग. यॉर्कशायरमधलं कोळशाचं यार्ड, साल एकोणीसशे सदुसष्ट, वार मंगळवार. तिथे काहीही घडत नाही. एक डिझेल इंजिन रिकामे डबे आणतं आणि भरलेले घेऊन जातं. तेच आणतं, तेच नेतं, आणि लोक ते तासभर बघत उभे राहू शकतात. मीही राहिलोय.

त्यातले डबे सिरिल ओल्ड्रॉइड यांचे. सिरिल म्हणजे विनीबाईंचे धाकटे भाऊ, वय एकाहत्तर. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघं आईवडिलांच्याच घरात राहतात. सिरिल यांनी बेचाळीस वर्षं चपलाबुटांच्या दुकानात गुडघे टेकून गावाच्या पायांची मापं घेतली. चेहऱ्यावरून त्यांना माणूस चटकन ओळखू येत नाही. खाली बघितलं की येतो.

बोटाएवढा एकेक डबा ते घरी बांधत, करड्या रंगात रंगवत आणि तीन केसांच्या कुंचल्याने त्यावर अक्षरं लिहीत. डब्याचा नंबर, वजन, भार किती, तेलपाणी कधी झालं, रिकामा झाल्यावर कुठल्या खाणीला परत पाठवायचा, सगळं. काही अक्षरं तिळाएवढी. त्यावर वॉर्निशचा हात द्यायचा, आणि मग डबा क्लबात आणून घाण करायचा.

आमच्यात याला फार मान आहे. कोळशाचा डबा स्वच्छ असेल तर तो खेळणं. गंजलेला, काजळलेला, कडा ठेचलेला असेल तर तो डबा. सिरिल खडूची पूड आणि पाण्याचे रंग वापरून गंज चढवत; या चोवीसांना मिळून अकरा आठवडे लागले होते. घाणीवर मात्र वॉर्निश देत नसत. वॉर्निश दिलेली काजळी चमकते, आणि चमकणारी काजळी त्यांना बघवत नसे. शेवटी अक्षरं झाकली जात. खऱ्या डब्यावरची कुठे वाचता येत होती, असं ते म्हणत. एकतीस वर्षं ते असं लिहीत होते आणि झाकत होते.

पण एक गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती. डबे घरातून नवेकोरे निघत आणि क्लबातच राहत. या आठवड्यात पहिल्यांदा ते घरी आणले होते, एकमेकांना अडकवायच्या आकड्या घट्ट करायला, कारण शनिवारी मोठं प्रदर्शन होतं. आणि विनीबाईंनी पेटी उघडली होती.

“याने डोळे फोडून केलेल्या वस्तू,” त्या म्हणत होत्या, “आणि तुम्ही लोकांनी त्यांची ही दशा केलीत. कोळशात लोळवल्यासारखी.”

“अगदी तशीच,” मी म्हणालो. ही मी दिलेली आजवरची सगळ्यात प्रामाणिक दाद होती.

एवढ्यात सिरिल आले. प्रदर्शनासाठी केस कापून आले होते. जाळीकडे बघून ते टोपी हातात धरून उभे राहिले. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

“उद्या मीपण येणारे ना,” विनीबाई म्हणाल्या. “एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, भावाच्या वस्तू चारचौघांत घाणेरड्या नकोत दिसायला.”

सिरिल यांनी एक डबा उचलला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

“चाकांच्या मधलंसुद्धा काढलंस,” ते म्हणाले.

“अडतीस वर्षं इस्पितळाच्या फरशा पुसल्यात मी. कोपरे सोडत नाही.”

“नाही सोडत,” सिरिल म्हणाले. “फार छान निघालेत, विनी.”

प्रदर्शनाच्या जागी निघालो, तेव्हा व्हॅनमध्ये ते डब्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले.

“गॅव्हिन,” ते म्हणाले, “हे तिला कळता कामा नये.”

“पण सिरिल, आमंत्रणाच्या पत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला माहितीये.”

त्यांना माहीत होतं. पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. इतक्या वर्षांत त्या प्रदर्शनाने आम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं, आणि त्यात स्पष्ट शब्द होते: ‘विशेषतः डब्यांवरील मळ पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.’

“आज दुपारभरात थोडा गंज चढवू,” मी म्हणालो. “सातही जणांनी हात चालवले तर...”

“आणि उद्या ती येऊन बघेल, की आपण धुतलेलं रात्रीत पुन्हा घाण झालं.” त्यांनी पेटीवर हात ठेवला. “लहानपणापासून माझं सगळं तिनेच धुतलंय. रेल्वेला तिने आजवर बोटही लावलं नव्हतं. आज पहिल्यांदा लावलं. तिला हे चुकलं असं वाटायला नको. बाकी तुम्ही ठरवा.”

बाकी ठरवायला शेफील्डच्या अलीकडे, जिथे प्रदर्शन भरणार होतं त्या क्रीडागृहात, बॅडमिंटनच्या जाळीखाली, क्लबची तातडीची सभा भरली. अध्यक्ष ट्रेव्हर स्पिंक यांनी पेटीत डोकावलं आणि घडीच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून उघडलेली नव्हती.

“साबण?” त्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

“भांड्यांचा,” मी म्हणालो. “लिंबाचा.”

“अकरा आठवड्यांचा मळ. उत्तर इंग्लंडातला सर्वोत्तम मळ, सिरिल.”

“हो,” सिरिल म्हणाले, जसं कोणी नातेवाईक गेल्यावर म्हणतात.

मी सुचवलं की राजघराण्यातलं कोणी हार्थवेटला भेट देणार आहे असं दाखवू. म्हणून यार्ड धुतलंय.

“कोळशाच्या यार्डात राजघराण्यातलं माणूस कशाला येईल?” स्पिंक म्हणाले.

“चुकून.”

“चुकून येणार असेल तर आधी कसं धुतलं?”

पण होरेस बिकरडाइक, जे खरोखरच्या यार्डात तीस वर्षं गाड्या जोडायचं काम करत, त्यांनी सँडविच खाली ठेवलं.

“आमच्याकडे झालं होतं असं. गाडी नुसती जाणार होती, थांबणारही नव्हती. आठवडाभर धूत होतो आम्ही. कोळशाच्या ढिगाला चुना लावला होता.”

“कोण होतं गाडीत?”

“कोण जाणे. पडदे ओढलेले होते.”

मत घेतलं. पाच विरुद्ध एक. सिरिल तटस्थ. इतिवृत्तात मी लिहिलं: ‘हार्थवेट साइडिंग मंगळवारऐवजी बुधवारी दाखवावी असं ठरलं.’ मग आम्ही टूथपिकला कागद चिकटवून पताका केल्या, कोळशाच्या ढिगाच्या कडा दुधी रंगवल्या आणि फलाटावरच्या हमालाला, जो एकोणीस वर्षं जांभई देत होता, पाठमोरं उभं केलं.

विरोधातलं एक मत स्पिंक यांचं होतं, कारण डिझेल इंजिन त्यांचं होतं. पितळी पत्र्यापासून दोन वर्षं खपून बांधलेलं, हिरवं, आणि टाकीच्या झाकणाखाली तेलाचा ओघळ.

“तो ओघळ मी फोटोवरून घेतलाय,” ते म्हणाले. “त्याला कोणी हात लावायचा नाही.”

“असं इंजिन या डब्यांना लावलं तर सगळंच खोटं दिसेल, ट्रेव्हर,” होरेस म्हणाले. “आम्ही त्या वेळी इंजिनाची एकच बाजू पुसली होती. फलाटाकडची.”

यावर समझोता झाला. अर्धं इंजिन स्पिंक यांनी स्वतः पुसलं. पुसताना त्यांनी कोणालाही बघू दिलं नाही.

शनिवारी अकराला विनीबाई आल्या. हॅट घातलेली, हातात खाण्याचा डबा. कठड्याशी उभ्या राहून त्यांनी आमची रेल्वे वरपासून खालपर्यंत बघितली, जसा त्या पूर्वी बहुधा इस्पितळाचा वॉर्ड बघत असतील.

“पताका कशाला?”

“कोणीतरी येणार आहे,” सिरिल म्हणाले.

“मग बरं झालं मी धुतले ते.”

“बरं झालं,” सिरिल म्हणाले.

गर्दी होती. पण जे घडत होतं ते आमच्यापैकी कोणालाच अपेक्षित नव्हतं. लोक वाकत होते. एकाने चष्मा काढून वाकून पाहिलं, दुसऱ्याने खिशातून भिंग काढलं. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, आयुष्यभर डबे तपासायचं काम केलेले, म्हणाले, “अहो, तेलपाण्याची तारीखसुद्धा आहे इथे. आणि प्रत्येक डब्याची वेगळी.” मग ते बायकोला बोलावून घेऊन आले. तिला तेलपाण्याच्या तारखेत काडीचाही रस नव्हता, पण तिनेही वाचलं. सिरिल यांचा हात गाडी चालवायच्या बटणावर होता, आणि ते लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मला वाटतं, प्रथमच.

साडेबाराला पाठीवर मोठी बॅग घेतलेला एक माणूस आला. असा एक प्रत्येक प्रदर्शनात असतो. त्याला सगळं ठाऊक असतं आणि घाई नसते.

“हे डबे स्वच्छ कसे?” त्याने विचारलं. “मी मुद्दाम तुमचा मळ बघायला न्यूकॅसलहून आलोय.”

“राजघराण्याची भेट,” स्पिंक पताकांकडे बोट दाखवत म्हणाले.

“छे. हे तर धुतलेत. कडेच्या खाचेत खडूची पूड राहिलीय, बघा. एवढी घाण चढवायला माणसाला महिने लागतात हो. कुठल्या गाढवाने धुतले?”

विनीबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. हातातलं सँडविच अर्ध्यावर थांबलं. मी खोकलो. होरेसही खोकले. स्पिंक पताका सरळ करू लागले, जी सरळच होती.

सिरिल यांनी गाडी थांबवली.

“माझ्या बहिणीने धुतले,” ते म्हणाले. आवाज काही वर गेला नव्हता. “ही बघा, इथे उभी आहे. एक कोपरा सोडलेला नाही तिने. एकतीस वर्षं मी यावर लिहितोय, आणि लिहिलेलं वाचताना माणूस मी आज पाहिला. तुम्ही पुढची रेल्वे बघून घ्या, रांग लांब आहे.”

बॅगवाला काहीतरी पुटपुटत पुढे गेला. जाताना त्यानेही एक डबा वाचला.

विनीबाईंनी सँडविच खाण्याच्या डब्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं.

“ती घाण तू केली होतीस?”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो.”

“सगळ्या चोवीसांना?”

“अकरा आठवडे लागले.”

“काल का नाही बोललास?”

सिरिल यांनी जरा विचार केला. दुकानात कोणी मापापेक्षा लहान बूट मागितला की करत असत, तसा.

“तू चाकांच्या मधलंसुद्धा काढलं होतंस,” ते म्हणाले. “त्यावर काय बोलणार?”

विनीबाईंचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता त्या जातील. बसथांबा कुठल्या बाजूला आहे ते सांगायची मी मनात तयारीही केली. पण त्यांनी पर्स उघडली, वाचायचा चष्मा काढला, हॅट काढून माझ्या हातात दिली आणि कठड्यावर ओणव्या झाल्या.

“चालव,” त्या म्हणाल्या. “हळू.”

सिरिल यांनी गाडी सोडली. इतक्या हळू की इंजिन नुसतं गुणगुणत होतं. पहिला डबा बहिणीसमोर आला तसा सिरिल यांनी तो थांबवला. विनीबाईंचे ओठ हलत होते. नंबर, वजन, भार, तारीख, खाणीचं नाव. मागे रांग वाढत होती, एक लहान मुलगी वडिलांना विचारत होती की गाडी बिघडली का, आणि वडील म्हणाले, नाही, स्टेशनात आहे.

“हं,” विनीबाई म्हणाल्या.

गाडी एक डबा पुढे सरकली आणि थांबली.

मी हॅट दोन्ही हातांत धरून उभा होतो. अजून बावीस राहिले होते. कोणीही घड्याळाकडे बघत नव्हतं, स्पिंकसुद्धा.

“हं,” त्या म्हणाल्या. “पुढचा.”