‘जमत नाही’ची सही

वियेन्नातले डॉक्टर स्पोमेन्काच्या मुलीच्या, इस्क्राच्या, हृदयाचं ऑपरेशन करायला तयार होते. सरकारी फंड खर्च द्यायला तयार होता. फक्त इथल्याच दोन प्रोफेसरांनी लिहून द्यायचं होतं, की हे आपल्याकडे जमत नाही. आणि सर्बियात प्रोफेसराकडून ‘जमत नाही’ वदवणं म्हणजे कोंबड्याकडून अंडं मागणं.

त्यात नवऱ्याने, रादिसावने, घोळ घातलेला. पहिल्याच भेटीत त्याने रीतीप्रमाणे प्रोफेसर वुकाशिनपुढे घरच्या राकिया दारूची बाटली ठेवली आणि म्हणाला, “तुमच्या हातात देव आहे, साहेब!” देव एकदा हाती लागल्यावर कोण सोडतो?

आज कागद मंजूर झाले नाहीत, तर वियेन्नाची तारीख हातची जाणार होती. स्पोमेन्काला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. सात वर्षांची पोर दोन पायऱ्या चढली की ओठ निळे पडत होते.

“वियेन्ना कशाला, बाई?” प्रोफेसर वुकाशिन म्हणाले. “आम्ही मेलोय का?”

“इथे केलंय कुणी हे ऑपरेशन?”

“केलं नाही म्हणजे जमत नाही, असं नव्हे.”

“अगं, हळू बोल,” रादिसाव कुजबुजला.

“तू गप्प बस. तूच चढवून ठेवलंयस त्यांना.” ती प्रोफेसरांकडे वळली. “बरं, मग तुम्हीच करा. सोमवारी आणते तिला. टीव्हीवाल्यांनाही बोलावते. आमचं अख्खं गाव बस करून येईल, पाद्रीसुद्धा.”

प्रोफेसरांनी पोरीच्या हृदयाची फिल्म उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. स्पोमेन्काच्या मनात आलं, हा बाबा खरंच हो म्हणाला तर?

“हृदयाची ठेवणच विचित्र आहे,” अखेर ते म्हणाले. “यात आमचा काही दोष नाही.”

“छे हो, साहेब! दोष सगळा पोरीचाच.”

त्यांनी लिहिलं. शाई वाळायच्या आत ती जिन्याला लागली.

खालच्या मजल्यावरचे प्रोफेसर मिलोराद कित्येक वर्षं वुकाशिनशी बोलत नव्हते. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“‘शक्य नाही’? त्याने? स्वतःच्या हाताने?”

“हो. तुम्हीही तसंच लिहाल का?”

“आनंदाने!” सही झाली, शिक्का बसला. “याची एक प्रत मला हवी.”

“झेरॉक्स फंडाच्या ऑफिसात आहे, साहेब,” ती दारातूनच ओरडली. “चला!”

आणि ते खरंच आले. पांढऱ्या कोटासकट गाडीच्या मागच्या सीटवर बसून वाटभर वुकाशिनच्या फसलेल्या ऑपरेशनांच्या कथा सांगत राहिले. रादिसाव माना डोलवत होता.

“तू पुढे बघून चालव रे!”

फंडाच्या ऑफिसात कोट पाहून रांग आपोआप सरकली. मिलोरादांनी कागद खिडकीत सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “वुकाशिनला जमत नाही!”

खिडकीतल्या बाईने काही न विचारता ‘मंजूर’ लिहिलं.

स्पोमेन्काने घरी फोन लावला. पलीकडे सासूबाई रडायलाच लागल्या.

“रडा हो नंतर,” ती म्हणाली. “आधी तिचे गरम कपडे काढा. रात्रीची बस गाठायचीय.”