नशिबाची बाटली

घरोघरी एक बाटली असते. व्यायामाला जाणाऱ्याची, मैदानावर खेळणाऱ्याची, नाहीतर ऑफिसच्या टेबलावर दिवसभर उभी असलेली. बाहेरून अगदी चकाचक! आतून कशी असते? जाऊ द्या, तुम्हीही कधी पाहिलं नसेल.

या घरातली बाटली लेकीची होती. लेक धावायची. मैदानावर तिला सगळे ‘सुसाट’ म्हणत, आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण याच गृहस्थांनी लेकीची बाटली घासायला घरात बंदी घातली होती! कारण काय, तर ती बाटली सोबत असताना लेक पहिली मोठी शर्यत जिंकली होती.

“विसळा हवी तर, पण घासायची नाही. नशीब धुतलं जायचं!” बाबा म्हणत.

“अहो, रोज लिंबू-साखरेचं पाणी जातं त्यात. झाकणाला वास मारतोय,” आई म्हणायची.

“तुला ना, सगळीकडे घाणच दिसते!”

मग आई बाटली नुसती विसळून ठेवायची. घरातली बाई बोलली की ती कटकट, हे आपण कधीच ठरवून टाकलंय ना!

यंदाची निवड चाचणी लेकीची शेवटची होती. पुढच्या वर्षी त्या वयोगटासाठी तिचं वय उलटणार होतं. निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहून शिकायला मिळणार होतं. पोरीने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरावाहून ती आली ती पोट धरूनच. उलट्या, जुलाब, अंगात ताप. दुपारपर्यंत तिला उभंही राहवेना. इस्पितळात नेऊन सलाईन लावलं.

“पोटात संसर्ग झालाय,” डॉक्टर म्हणाले. “ही पाणी कशातून पिते?”

आईने पिशवीतून बाटली काढली. झाकण फिरवून आतली रबरी चकती नखाने उचकटली. ती चकती निघते, हेच बाबांना ठाऊक नव्हतं! खाली काळा, बुळबुळीत थर साचला होता.

“हे... हे पोटात जात होतं तिच्या?” बाबांनी विचारलं.

“यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण यातून कुणी प्यायला नको होतं.”

आईचा आवाज चढला नाही. “अहो, नशीब या बाटलीत कुठे होतं? पहाटे उठून धावली ती, घाम गाळला तिने, आणि श्रेय दिलंत या प्लास्टिकला. पण दोष माझाही आहे. तुम्ही चिडाल म्हणून मी बोलणं सोडलं. पोरीच्या पोटापेक्षा तुमची मर्जी सांभाळली मी.”



दुसऱ्या दिवशी चाचणीच्या वेळी लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई, आता माझं नाव पुकारलं असेल ना गं? आणि कुणी आलं नाही म्हणून पुढे गेले असतील.”

बाबा पलंगाशी बसून ढसाढसा रडले. “बाळा, चूक माझी आहे. मला माफ कर.”

लेक वळली. “बाबा, मलाही वास यायचा. रोज यायचा. पण तुम्ही एवढ्या प्रेमाने ती भरून द्यायचात... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी नाक दाबून प्यायचे.”

अरेरे! काय म्हणावं याला? प्रेमाने दिलं आणि प्रेमाने प्यायलं, आणि घाण मात्र तशीच राहिली!

आता बाबा रोज संध्याकाळी बाटली सुटी करतात. झाकण, नळी, चकती, सगळं साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासतात आणि उघडंच वाळत ठेवतात. मैदानावर जाऊन इतर आईबापांनाही झाकण उघडून दाखवायला लावतात. काही जण हसतात. बाबा हसण्यावारी नेत नाहीत.

वाचकहो, स्वच्छतेच्या आड श्रद्धा आणू नका, आणि घरात कुणी “वास येतोय” म्हणालं तर त्याचं तोंड बंद करू नका. बाटली धुवायला चार मिनिटंही लागत नाहीत. लेक बरी झाली, पुन्हा चालू-फिरू लागली, पण तिची ती शर्यत तिला आता कुणीच परत देऊ शकणार नाही.