बदलीवाला

दुपार कलली की अप्पा नायगावच्या चाळीत आपल्या दारातल्या स्टुलावर जाऊन बसायचे आणि ती गॅलरी त्यांच्यापुरती बँकेचं फाटक होऊन जायची. उभी हयात त्यांनी दुनळी बंदूक घेऊन त्या फाटकाची राखण केली होती. नोकरी कधीच संपली, डोक्यातली ड्युटी काही सुटेना.

"बदलीवालो अजून इलो नाय," पाळी सोडवायला येणाऱ्या रखवालदाराची वाट बघत ते सुभद्राला सांगायचे; तीही त्यांना आता कुणी परकीच वाटायची.

"येईल हो," ती म्हणायची. नवरा असा अर्धा स्वप्नात गेला याचं तिला वाईट वाटे. पण तिकडे तो सुखात दिसायचा, म्हणून ती हाक मारून उठवत नसे.

काळजी होती ती कपाटातल्या दुनळीची. अप्पांच्या स्वतःच्या परवान्यावरची ती. "पोलिसांत जमा कर रे बाबा," सुभद्रा मुलाच्या मागे लागली होती. धनेशचं आपलं एकच पालुपद, "असू दे गं आई. दिवस कसले आलेत बघतेस ना? घरात हत्यार असलं की धाक राहतो." धाक कुणाला, उंदरांना? पण ऐकेल तो धनेश कसला!

खंडेनवमीला अप्पांनी बंदूक पुसली, तेल लावलं आणि पाटावर ठेवली. झेंडूचा वास, उदबत्तीचा धूर, खोलीभर पिवळं ऊन. त्या धुरात सुभद्राला खाकीतला तरणाबांड चिंतामणी, लग्नातला तिचा नवरा, दिसला आणि ती लाजलीसुद्धा. नात अपेक्षा नळीसमोर मांडी घालून बसली होती. नळीत फूल खोचायला तिने हात पुढे केला.

"हात लावू नको गो, भरलेली आसा," अप्पा सहज म्हणाले.

धनेश हसला. मग त्याने अप्पांचा चेहरा पाहिला आणि लेकीला मागे ओढलं. "अप्पा, घरात भरलीत?"

"रिकामी घेवन कोण ड्युटी करता?" अप्पांनी बंदूक मांडीवर घेतली. धनेशने हात पुढे करताच त्यांची बोटं घोड्याजवळ आवळली. "बदलीवाल्याशिवाय कोणाक देवचंय नाय."

बंदूक हिसकावता येणार नव्हती. ती उठली, ट्रंकेतली जुनी खाकी टोपी काढून तिने धनेशच्या डोक्यावर ठेवली. "अहो, बदलीवाला आला बघा."

धनेशने सलाम ठोकला. अप्पांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"उशीर केलंस रे." त्यांनी बंदूक मधोमध वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि मग बंदूक दिली. "नीट संभाळ. आत माणसां आसत."

"होय," धनेश म्हणाला. चादरीत बंदूक गुंडाळून तो पोलीस ठाण्याकडे निघाला. टोपी डोक्यावरच राहिली होती.

अप्पा दारातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग सुभद्राकडे वळून हसले. किती वर्षांनी त्यांनी तिला ओळखलं होतं.

"मी सुटलंय गो. चल, घराक जावया."

ती त्यांच्याजवळ, आपल्याच उंबऱ्यावर टेकली.

"चला," ती म्हणाली.