प्रेरणाच्या वाढपाची पाळी

गुरुवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली होती. बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातली मराठी शाळा. ताटात भात, वर वाफाळतं सांबार. शिक्षिका मंजुश्रीबाईंनी लावलेल्या पाळीनुसार आज वाढायला नववीतली प्रेरणा होती.

दहावीतल्या धनराजनं ताट मागं ओढलं. "हिच्या हातचं न्हाई खायचो."

"मग उपाशी ऱ्हा की," प्रेरणा हसली.

त्या हसण्यावर तो उठला. पळी हिसकून तिच्या तोंडावर हाणली, ती वाकली तशी सांबाराची बादली तिच्या अंगावर उलटी केली. मानेवरून, दंडावरून सांबार ओघळलं. आधी कातडं सुटलं, मग पोरीच्या तोंडून आवाज फुटला.

महिन्याभरानं मंजुश्रीबाईंनी दोन्ही घरच्यांना शाळेत बोलावून सतरंजीवर गोल बसवलं. बीदरला शिक्षक आणि पोलिसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथं शिकवलं होतं, नुसती शिक्षा देऊन थांबायचं नाही, झालेली इजा भरून काढायची. गोलात सगळे सारखे, दुखावलेल्यानं आधी बोलायचं. त्या प्रशिक्षणाला पोलीस ठाण्यातले रेवणसिद्ध जमादारही होते. "आधी बसवू मॅडम, फिर्यादीचं मागून बघू," ते म्हणाले होते. बाईंना ते सोपं वाटलं होतं.

धनराजचे वडील हणमंतराव शाळा समितीचे अध्यक्ष. ते साडी-नारळ घेऊन आले आणि खुर्ची ओढून गोलात बसले. "शोभाबाई, लेकीची ओटी भरतो. मिटवून टाकू."

इकडची रीतच ती. मार खाल्लेलीच्या पदरात नारळ पडला की तिनं तोंड उघडायचं नाही.

प्रेरणाची आई शोभाबाई शांतपणे म्हणाली, "अण्णा, पोरीची मान वळंना. नारळानं वळती काय?"

"एवढी माणसं तुमच्यापायी जमलीत, आन् तुमी तोंड चालवायलाव व्हय?" हणमंतराव गुरकावले.

"आधी प्रेरणा बोलेल," बाई म्हणाल्या.

प्रेरणानं गळ्याची ओढणी सोडली. कोवळ्या मानेवर आवळलेलं, लालभडक कातडं. "साडी नको. माझी पाळी अर्धीच ऱ्हायलीया. मी वाढते, त्यानं खावं. सगळ्यांम्होरं."

धनराजचे डोळे भरले. "खातो," तो पुटपुटला.

तोच हणमंतरावांची लाथ त्याच्या छातीत बसली. पोरगं भिंतीवर आपटलं, ओठ फाटून सदऱ्यावर रक्त सांडलं. प्रेरणाचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. हणमंतरावांनी दुसरी लाथ उचलली, तेव्हा कुठं जमादारांनी त्यांना धरलं.

दम खाऊन जमादार म्हणाले, "मॅडम, मिटलं म्हणून लिहू?"

बाईंना आपली चूक कळली. फिर्यादीच्या जागी आपण सतरंजी अंथरली होती. समोर एक लेकरू भाजलेलं, दुसरं रक्ताळलेलं, आणि कागदावर सगळं गोड होणार होतं.

"नाही मिटलं. फिर्याद लिहा. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. त्या दिवशी मी दारात उभी होते. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही."

"बदली होईल, मॅडम," हणमंतराव हळूच म्हणाले.

"होऊ द्या. जिथं जाईन तिथं हेच सांगेन."

जमादार हणमंतरावांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग बाईंनीच कागद ओढला आणि पहिली ओळ लिहायला घेतली.