चाकं असून ट्रेलरवर

मी एक मोटरसायकल बोलतेय. आधीच सांगून टाकते, माझा आवाज चिडका वाटला तर तो चिडकाच आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही असंच बोलला असतात.

माझा जन्म लांबच्या रस्त्यासाठी झाला. म्हणून तर कारखान्यात मला मोठी टाकी दिली, चालवणाऱ्याची पाठ दुखू नये अशी बैठक दिली, दोन्ही बाजूंना सामानासाठी चामडी पिशव्या लावल्या. मग नेब्रास्कातल्या एका लहानशा गावातल्या व्हर्लिनने मला विकत घेतलं आणि माझं नशीब तिथेच गॅरेजमध्ये अडकलं.

व्हर्लिन माणूस वाईट नाही. पण ज्याला पुसण्याचीच हौस आहे त्याने मोटरसायकल कशाला घ्यावी, पितळेची भांडी घ्यावीत. दर रविवारी चर्चमधून आला की फडकं घेऊन माझ्यापुढे बसायचा. चकचकीत केल्यावर गावातल्या कॅफेपर्यंत न्यायचा, कॉफी प्यायचा आणि परत आणून झाकून ठेवायचा. माणसं देवालासुद्धा इतकं झाकून ठेवत नाहीत.

ड्वेन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारखान्यात जन्म काढला आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. ड्वेनची मोटरसायकल म्हणजे सगळीकडे ओरखडे, फाटलेल्या सीटला चिकटपट्टी. पण ती कुठे कुठे फिरून आली होती! ती शेजारी उभी राहिली की मला माझ्या चकाकीची लाज वाटायची.

दर वसंतात ड्वेन यायचा आणि म्हणायचा, "यंदा ओरेगॉन. दोघं दोन गाड्यांवर. समुद्रात बूट बुडवायचे आणि परत फिरायचं."

"बघू," व्हर्लिन म्हणायचा. कधी वारा फार असायचा, कधी गारांचा अंदाज असायचा, कधी टायर नवे घालायचे असायचे. मुलीचं लग्न काढल्यासारखा नुसता मुहूर्त शोधत बसायचा.

या वर्षी ड्वेनने विचारलंच नाही. त्याने डावा हात माझ्या सीटवर ठेवला. बोटं आपोआप थरथरत होती, मला ती चामड्यातून कळत होती.

"हे वाढतच जाणार म्हणतात," तो म्हणाला. "क्लच दाबता येतोय तोवर जाऊन येतो. आलास तर तुझ्याबरोबर, नाहीतर एकटा."

व्हर्लिनने हातातलं फडकं खाली ठेवलं. "जूनमध्ये निघू," तो म्हणाला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि जूनमधल्या त्या सकाळी बघते तर काय, व्हर्लिनने पिकअपला ट्रेलर जोडला होता. त्यावर एका मोटरसायकलपुरती जागा. मला वर चढवलं, पट्ट्यांनी आवळलं.

ड्वेन बघत राहिला. "तिला चाकं आहेत, माहीत आहे ना तुला?"

"या सपाट मुलखात खडी फार उडते रे. डोंगर लागले की उतरवतो."

अशी निघाली आमची वरात. पुढे पिकअपमध्ये एसीच्या गारव्यात बसलेला व्हर्लिन, मध्ये मुसक्या बांधलेली मी आणि मागे वाऱ्यात मान खाली घालून ड्वेन. ही म्हणे दोन मित्रांची सफर!

वायोमिंगमध्ये पेट्रोल भरताना ट्रक चालवणारी एक बाई माझ्याजवळ येऊन थांबली. "काय झालं हिला? बंद पडली?"

"छे, एकदम ठणठणीत आहे," व्हर्लिन म्हणाला.

"मग ती वर का आणि तुम्ही आत का?"

ड्वेन इतका हसला की त्याची कॉफी सांडली. व्हर्लिनचे कान लाल झाले. वाटलं, आता तरी उतरवेल. पण त्याने पट्ट्या आणखी घट्ट केल्या.

डोंगर लागले, तर तिथे रस्त्याचं काम निघालं. पाटी घेतलेल्या माणसाने सगळ्यांना थांबवलं. मागे ड्वेनने ब्रेक लावला, पण बोटांनी क्लच दाबला नाही. गाडीने आचका दिला, बंद पडली आणि त्याला घेऊन आडवी झाली.

व्हर्लिन धावत आला. "लागलं का?"

"मला नाही लागलं," ड्वेन उठत म्हणाला. डावा हात त्याने काखेत दाबून धरला होता. "हात ऐकत नाही आता."

ट्रेलरवर जागा एकीचीच. मी खाली उतरले आणि ती बिचारी वर चढली. पिकअप ऑटोमॅटिक, तिला क्लच नाही, तेव्हा ती ड्वेनकडे आली.

"चल, असंच जाऊ समुद्रापर्यंत," ड्वेन म्हणाला. "तू हिच्यावर, मी पिकअपमध्ये. पोचलो म्हणजे झालं."

"नको. आधी घरी जाऊ, डॉक्टरला दाखवू. समुद्र काही पळून जात नाही."

"समुद्र नाही रे, माझा हात चाललाय."

व्हर्लिन हेल्मेटचा पट्टा लावत बसला.

आणि मी धावले. उतार, वळणं, पावसाने ओला झालेला रस्ता, सगळ्यातून धावले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास, आणि तो परतीचा! मला तो मनापासून आवडला, याचाच मला जास्त राग येतो.

आता ऑक्टोबर आहे. मी पुन्हा गॅरेजमध्ये, पुन्हा चकचकीत. काल ड्वेन आला होता. कॉफीचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मागे बसतो मी."

आमच्या गावात पुरुष पुरुषाच्या मागे बसत नाही. बसला तर कॅफेत वर्षभर त्याचीच टिंगल चालते. ड्वेनला हे कोणी सांगायला नको.

"तुझ्या कमरेला धरून बसेन. हसू देत लेकाचे. पुढच्या उन्हाळ्यात कदाचित तेवढंही धरता येणार नाही मला. बर्फ पडायच्या आत निघू."

व्हर्लिनचे डोळे भरून आले. मला खरंच वाटलं, निघालो. त्याने माझ्या पाठीवरून, मागच्या रिकाम्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "निघू या. पण इथे मागची सीट बसवावी लागेल. हिच्या चामड्याच्या रंगाची मागवतो. दीडेक महिना लागेल बहुतेक."

ड्वेन उठला. कॉफी तशीच ठेवून घरी गेला.

मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला विनवते. व्हर्लिन कुठे भेटला तर त्याला एवढं सांगा. अरे शहाण्या, रंग कोण बघतोय? घरातली उशी आण, त्या पत्र्यावर बांध, आणि जा त्याला हाक मार.