पाद्र्याच्या तोंडची प्रार्थना

नाटकात काम करणाऱ्याला लोक ओळखतात, लिहिणाऱ्याला ओळखतात, पेटीवाल्यालासुद्धा ओळखतात. प्रॉम्प्टरला कोणी ओळखत नाही, आणि ओळखलं तर तो वाईट प्रॉम्प्टर. त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला की प्रयोगाचं हसं झालंच म्हणून समजा. मी बरीच वर्षं विंगेत बसून हे काम केलं आणि माझा आवाज कधी पहिल्या रांगेत गेला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

मी शरयू आढाव, मूळची नगरकडची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा ग्वाल्हेर हे संस्थान होतं. मग ते मध्यभारतात गेलं, आणि छप्पन साली मध्यप्रदेशात जायला निघालं होतं. माणसं तीच, रस्ते तेच, कागदावरचे शिक्के तेवढे बदलत होते. इथल्या मराठी नाट्यमंडळानं मला प्रॉम्प्टर केलं ते माझ्या उच्चारांसाठी. इथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलेली, त्यामुळे तरुण नट वाक्य मराठीत सुरू करत आणि हिंदीत नेऊन सोडत. राजा दरबारात येऊन ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणाला की माझ्या अंगावर काटा येई. मी विंगेतून वाक्य नीट करून देई आणि ते तसंच्या तसं उचलत.

मंडळाचे लेखक गोपाळकृष्णराव. त्यांचे पूर्वज दरबारात कारकुनीच्या मोठ्या हुद्द्यावर होते, ते स्वतः सचिवालयात होते, आणि यातली एकही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. दाना ओली नावाच्या गल्लीत त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर माझी खोली. त्यांची बायको सुधाताई मला धाकट्या बहिणीसारखं वागवत. आमच्याकडे हिचा चहाचा कप वेगळा नाही, असं त्या चारचौघांत आवर्जून सांगत. आपल्या सख्ख्या बहिणीच्या कपाबद्दल त्यांनी असं कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही. पण ते सोडा. जीव लावायच्या त्या खराच, आणि मला दुसरं घर नव्हतं.

आम्हां ख्रिस्त्यांचं चर्च होतं, पण तिथे सगळं हिंदीत. लोक चांगले होते. मला ‘मराठी बहनजी’ म्हणत. उपासना संपली की सगळे आपापल्या घोळक्यात बोलत उभे राहत आणि मी छत्री उघडून घरी येई. उलट मंडळात गेले की कानावर मराठी पडे, कुणीतरी शेंगदाणे पुढे करी, कुणीतरी माझी थट्टा करी. एकट्या बाईला थट्टा करणारं कुणी असणं ही लहान गोष्ट नाही.

राजधानी भोपाळला जाणार हे नक्की झालं आणि मंडळाची निम्मी घरं बांधाबांध करू लागली. गोपाळकृष्णरावांचीही बदली झाली. जाण्यापूर्वी दसऱ्यानंतरच्या रविवारी एक शेवटचा प्रयोग करायचा ठरला, आणि त्यासाठी त्यांनी नवं प्रहसन लिहिलं. एक पाद्री गावात येतो, विहिरीत पाव टाकतो, आणि पाणी प्यायलेलं सगळं गाव आपण बाटलो म्हणून रडू लागतं. त्यात पाद्री सुटलेल्या पोटाचा, नाकात बोलणारा, कोंबडीवर डोळा ठेवणारा. शेवटी तो जेवायला बसतो आणि हात जोडून देवाकडे लोणी मागतो, मग कोंबडी मागतो, मग कोंबडीवाली मागतो.

तालमीत लोक पोट धरून हसले. मी वहीवर बोट ठेवून ओळी पुरवत होते. प्रॉम्प्टरला प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणावं लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोंबडीवालीचं वाक्यही आधी मीच म्हटलं.

माझे वडील पाद्रीच होते. पोट सुटायला आधी ते भरावं लागतं. पारनेरच्या बाजूला गावोगाव पायी हिंडायचे, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी म्हणायचे, आणि त्यांच्यासारखं मराठी मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे मी गोपाळकृष्णरावांना एकदा सांगितलंही. म्हटलं, पाद्री असं बोलत नाहीत. ते मनापासून हसले आणि म्हणाले, “अहो आढावबाई, हे तुमच्याबद्दल थोडंच आहे? तुम्ही तशा नाहीच. तुम्ही ख्रिस्ती आहात हे आमच्या लक्षातही राहत नाही.”

त्यांना वाटलं, आपण मोठा मान दिला.

चर्चमध्ये ही बातमी माझ्याआधी पोचली होती. उपासनेनंतर व्हरांड्यात चर्चा झाली. रेल्वेत गार्ड असलेले एक गृहस्थ म्हणत होते की कलेक्टरकडे अर्ज द्यावा आणि खेळ बंद पाडावा. आता राज्यघटना आहे, राजाची मर्जी नाही, असंही ते म्हणाले. पाद्रीसाहेब म्हणाले की आपण मूठभर माणसं, नव्या राज्यात सुरुवातच तक्रारीनं कशाला करायची. ज्यांनी प्रभूची थट्टा केली त्यांच्यासाठी त्यानं प्रार्थना केली, आपणही करू. दोन्ही बाजूंना माना डोलत होत्या. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. त्यांनी मत विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की त्या नाटकाची प्रॉम्प्टर मीच आहे.

“आप?” गार्डसाहेब म्हणाले. “हमारे ही घर से?”

मी छत्री घेऊन निघाले. वाटेत ठरवलं की सुधाताईंना सांगायचं, मला हे जमणार नाही. घरी पोचले तर सुधाताई ट्रंकांच्या गराड्यात बसून रडत होत्या. या घरात लग्न होऊन आले, आता त्या परक्या गावात माझं कोण आहे, म्हणत होत्या. मी त्यांच्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि वर गेले. तिथं माझं काय सांगायचं?

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आणखी एक झालं. पाद्र्याचं काम करणाऱ्या श्रीपादला तातडीनं भोपाळला हजर व्हायचा हुकूम आला. त्याच्या जागी विश्वासराव उभे राहिले. विश्वासराव गावाबाहेर गिरण्यांच्या वस्तीत, हजीऱ्याला राहत, वडील संस्थानच्या पलटणीत होते, पलटण मोडल्यावर हे गिरणीत लागले. अंगानं पहाडासारखे आणि मनानं लहान मुलासारखे. पाठांतराशी त्यांचं जन्माचं वैर. कानावर पडेल ते तसंच्या तसं बोलत. एका ऐतिहासिक नाटकात मी विंगेतून कुणाला तरी ‘दिवा मागे घ्या’ म्हटलं, तर यांनी तलवार उपसून शत्रूला तेच सुनावलं होतं.

“बाई, फिकर करू नका,” ते मला म्हणाले. “आपण बोला, मी पीछे पीछे बोलतो. मला तर आपल्या आवाजाचाच भरोसा आहे.”

प्रयोगाला मंडळाचा हॉल भरून गेला. खिडक्यांतसुद्धा माणसं होती. आपली माणसं पुन्हा अशी एकत्र दिसणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हसायलाही लोक तयारीनं आले होते. विहिरीत पाव पडला तेव्हा टाळ्यांनी छत उडालं. विश्वासराव माझ्या शब्दामागून शब्द उचलत होते, नाकातला आवाज छान काढत होते. मी यंत्रासारखी ओळी सोडत होते. आपण वाचतोय ते आपल्याला ऐकू येऊ द्यायचं नाही, हे मला तोवर जमलं होतं.

मग पाद्री जेवायला बसला. विश्वासरावांनी हात जोडले, डोळे मिटले आणि कान माझ्याकडे केला.

लोण्याची ओळ माझ्या बोटाखाली होती. तोंड उघडलं आणि ती बाहेर येईना. गप्प राहायचं, बस्स, एवढंच माझ्या मनात आलं. मी काही शूर नाही. पण प्रॉम्प्टर गप्प बसला तर लेखकाचं काही जात नाही, समोर उभा आहे तो नट मरतो. हॉल वाट बघत होता. विश्वासरावांनी एक डोळा उघडला. त्यांच्या कपाळावरून रंगाचा ओघळ खाली आला आणि त्या डोळ्यात एवढा विश्वास होता की मला राहवलं नाही. तोंडात जे आलं ते मी दिलं. आमच्या घरी ताटावर बसल्यावर वडील जे म्हणत, तेच आलं.

“देवा, आज या ताटात अन्न आहे,” मी म्हटलं.

“देवा, आज या ताटात अन्न आहे,” विश्वासराव नाकातून म्हणाले. हॉल हशानं फुटला.

ज्याच्या ताटात नाही त्याची आम्हांला लाज वाटू दे, मी म्हटलं. त्यांनी म्हटलं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे हसून हसून खोकू लागले. ज्याच्या शेतातून हे आलं त्याचे हात दुखत असतील, ते थांबू देत. पुन्हा हशा. मला वाटलं होतं की खरी प्रार्थना ऐकून लोक गप्प होतील. पण पोट पुढे बांधलेल्या माणसाच्या तोंडून काहीही आलं तरी ते हसण्याजोगंच होतं. थांबायला हवं होतं, पण अर्धी प्रार्थना टाकून उठायची सवय मला नव्हती. शेवटची ओळ मी फार हळू म्हटली.

“जो आम्हांला दारातून हाकलतो, त्याच्याही घरी दिवा राहू दे.”

विश्वासराव थांबले. मग ती ओळ त्यांनी नाकातून म्हटली नाही. स्वतःच्या आवाजात म्हटली, हजीऱ्याच्या विश्वासरावांच्या. लोक हसले, पण तेवढे नाही. काही जण मागे वळून एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात कोंबडीवाली आली आणि नाटक पुढे सरकलं.

पडदा पडल्यावर गोपाळकृष्णराव धावतच विंगेत आले. त्यांना राग आला असेल म्हणून मी उभी राहिले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. ऐनवेळी काय सुचलं तुम्हाला, माझ्यापेक्षा सरस लिहिलंत, असं म्हणून त्यांनी ते लिहून मागितलं. भोपाळच्या प्रयोगात ठेवायचं होतं.

“मला सुचलेलं नाही ते,” मी म्हटलं. “माझे वडील रोज जेवायच्या आधी म्हणायचे.”

माणूस वाईट नव्हता. त्यांनी खरोखर विचार केला, आणि मग अगदी लेखकाला शोभेल अशा गांभीर्यानं म्हणाले, “म्हणूनच. खऱ्यातलं आहे म्हणून लोक एवढे हसले.”

मी लिहून देणार नाही, असं मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. विंगेत बसून एवढा मोठा आवाज मी कधी काढला नव्हता. रंग पुसणारे सगळे वळून बघू लागले. सुधाताईंनी माझा हात धरला आणि एवढं मनाला लावून घेऊ नकोस म्हणाल्या, आता जाताना कशाला कडूपणा. मी हात सोडवून घेतला. त्या घरातून त्या निघेपर्यंत आम्ही बोललो, पण दूध, किल्ली, टांगा एवढंच. टांगा वळेपर्यंत त्या मागे बघत होत्या. मी वरून बघत होते, खाली गेले नाही.

मंडळ मग उरलंच नाही. हॉलला कुलूप लागलं. चर्चमध्ये मी जात राहिले. तिथे मला आता कुणी काही विचारत नव्हतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ताटावर बसले की हात जोडायची, आणि पहिली ओळ मनात येताच ती नाकातून ऐकू यायची. मागोमाग तो हशा. मग मी तशीच जेवायची. वडील गेल्यापासून ती प्रार्थना म्हणणारं माझ्याशिवाय जगात कुणी नव्हतं.

संक्रांतीला सुधाताई उरलेलं सामान न्यायला आल्या. वर येऊन त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, माझ्याच स्टोव्हवर चहा केला आणि माझ्याच कपात प्यायल्या. भोपाळचं घर लहान आहे, पाणी लांबून आणावं लागतं, सगळं सांगितलं. मग अगदी आठवणीनं, मला आनंद व्हावा म्हणून म्हणाल्या, की तिकडे दोन प्रयोग झाले आणि तुझी प्रार्थना यांनी ठेवली आहे. लिहून नव्हती दिलीस, पण यांच्या डोक्यात बसली होती. लोक वन्स मोअर देतात.

“सगळी म्हणतात?” मी विचारलं.

“शेवटची ओळ गाळली,” त्या म्हणाल्या. “तिला हशा येत नाही.”

त्या गेल्यावर मी ताट वाढून घेतलं. पहिल्या ओळी आता भोपाळच्या झाल्या, त्या मला परत मिळायच्या नाहीत. शेवटची तेवढी माझ्याकडे राहिली, आणि नेमकी तीच म्हणायला जड. खाली सुधाताईंच्या घराला कुलूप होतं. अन्न निवून गेलं. मग ती एकच ओळ मी मोठ्यानं म्हटली, पहिल्या रांगेपर्यंत जाईल अशी, आणि जेवले.